लोकर कातणाऱ्याची ठेव

इराणच्या ईशान्य भागात, खुरासान प्रांतात, तूस नावाचे एक प्राचीन नगर होते. आजच्या मशहद शहराजवळ त्याचे अवशेष पाहावयास मिळतात. 'शाहनामा' या महाकाव्याचा कर्ता फिर्दौसी हा याच भूमीचा पुत्र. फिर्दौसीच्या मृत्यूनंतर काही दशकांनी या नगरात लोकर कातून उदरनिर्वाह करणारा एक गरीब गृहस्थ राहत होता. स्वतःच्या हातांनी लोकर कातावी, लहानशा दुकानात बसून ती विकावी आणि त्या कमाईत घर चालवावे, असा त्याचा नित्यक्रम होता. स्वकष्टाविना मिळालेला घास तो तोंडात घालीत नसे.

दुकानाचे काम आटोपले, की हा गृहस्थ विद्वानांच्या बैठकीत जाऊन एका बाजूस बसे आणि त्यांच्या हातून जी सेवा करवेल ती करी. त्यांची चर्चा ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून येत. कारण त्याला स्वतःला लिहिता येत नव्हते. आपल्याला विद्वान पुत्र व्हावा, अशी प्रार्थना तो तेथे मनोमन करी. कधी एखाद्या उपदेशकाचे रसाळ प्रवचन ऐकले, म्हणजे आपल्या पुत्राच्याही वाणीत असे सामर्थ्य यावे, असे त्याला वाटे. पुढे त्याला दोन मुलगे झाले. थोरल्याचे नाव महंमद आणि धाकट्याचे अहमद.

मुले लहान असतानाच पित्याचा अंतकाळ जवळ आला. त्याने आपल्या एका मित्राला बोलावून घेतले. हा मित्र सूफी पंथाचा, म्हणजे ईश्वराच्या भक्तीत रमलेला आणि धनसंचयाची मुळीच हाव नसलेला असा साधुवृत्तीचा मनुष्य होता. आपली तुटपुंजी शिल्लक त्याच्या स्वाधीन करून पित्याने सांगितले, की लिहिणे शिकलो नाही ही खंत मला जन्मभर छळीत आली आहे. माझ्या वाट्याला जे आले नाही ते माझ्या मुलांना मिळावे. त्यांना शिकव, आणि त्या कामी हे सारे द्रव्य खर्ची पडले तरी चालेल.

येथे क्षणभर थांबून विचार करा. मरणाऱ्या माणसाजवळ ठेव म्हणून दोन गोष्टी होत्या: थोडेसे पैसे आणि दोन अजाण मुले. दोन्ही एकाच माणसाच्या ओटीत टाकताना त्याने कोणतीही लेखी कबुली करून घेतली नाही. त्याला लिहिता येतच नव्हते! त्या मित्राच्या मनात पाप आले असते, तर हिशेब मागणारे कोण होते?

मित्राने ठेव सांभाळली. मुलांना त्याने अक्षरे गिरवायला शिकविले, वाचायला शिकविले. होता होता ती शिल्लक संपली. मित्र स्वतः निष्कांचन. घरात दोन मुलांना पोटभर अन्न घालण्याचीही त्याला ऐपत नव्हती. तेव्हा त्याने मुलांना जवळ बसवून सर्व हकीकत सरळ सांगितली. तुमचे जे होते ते तुमच्यावरच खर्च झाले. मी गरीब मनुष्य आहे, माझ्यापाशी तुम्हांला देण्यासारखे काही उरलेले नाही. तुम्ही आता मदरशात जावे, तेथे विद्यार्थ्यांना जेवण मिळते, म्हणजे पोटाची सोय होईल आणि शिक्षणही थांबणार नाही, असा सल्ला त्याने दिला. मुलांनी तसे केले. चौदाव्या शतकातील सुबकी या चरित्रकाराने ही कथा लिहून ठेवली आहे. परंतु त्या मित्राचे नाव त्याने दिलेले नाही.

तो थोरला मुलगा म्हणजेच इस्लामी जगातील थोर तत्त्ववेत्ते अबू हमीद अल्-गझाली. त्यांचा जन्म इ. स. १०५८ मधला. धाकटा अहमद पुढे नामांकित उपदेशक झाला. पित्याने दोन वेगवेगळ्या बैठकींत बसून जे मागितले होते, ते दोन मुलांत जणू वाटून मिळाले!

गझाली निशापूर येथे जुवैनी या गुरूंपाशी शिकले. त्यांच्या बुद्धीची कीर्ती सेल्जुक राज्याचा वजीर निजामुल्मुल्क याच्या कानी गेली. बगदाद शहरात या वजिराने 'निजामिया' नावाचे मोठे विद्यापीठ उभारले होते. तेथे इ. स. १०९१ मध्ये गझालींची मुख्य अध्यापक म्हणून नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय केवळ तेहतीस वर्षांचे होते. त्यांच्यापुढे तीनशे विद्यार्थी बसत, असे त्यांनी स्वतः आपल्या आत्मकथनात सांगितले आहे. मानसन्मान, वैभव, राजदरबारी वजन, कशालाच तोटा नव्हता.

पण चारच वर्षांनी एक विलक्षण गोष्ट घडली. आपण शिकवितो ते सत्यासाठी की नावलौकिकासाठी, हा प्रश्न त्यांना आतून पोखरू लागला. इ. स. १०९५ मध्ये त्यांची वाचाच बसली. शिकवायला उभे राहावे तर शब्द फुटेना, घास गिळावा तर गिळवेना. वैद्यांनी सांगितले, की हे दुखणे मनाचे आहे. तेव्हा कुटुंबापुरते ठेवून बाकीचे द्रव्य त्यांनी वाटून टाकले, आपले अध्यापनाचे काम धाकट्या भावाच्या हाती सोपविले आणि ते बगदाद सोडून निघाले. दमास्कस, जेरुसलेम, मक्का अशी यात्रा करीत, एकांतात चिंतन करीत त्यांनी कित्येक वर्षे घालविली. या काळातच त्यांचा महान ग्रंथ आकाराला आला. त्या अरबी ग्रंथाचे नाव 'इह्या उलूम अद्-दीन', म्हणजे धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन. त्याचे चाळीस खंड आहेत. त्यांपैकी पंधरावा खंड स्नेह, बंधुभाव आणि सोबत यांविषयी आहे. भगवद्भक्तीच्या ग्रंथात मैत्रीला एक संपूर्ण खंड द्यावा, यावरूनच या विषयाची थोरवी त्यांना किती वाटत होती, हे ध्यानात येईल.

या खंडात गझालींनी कोरडा उपदेश केलेला नाही. पैगंबर महंमद, त्यांचे सहकारी आणि नंतरचे साधुपुरुष यांच्या कितीतरी आठवणी त्यांनी त्यात गोळा केल्या आहेत. प्रारंभीच एक सुंदर दृष्टान्त आहे. दोन मित्र हे दोन हातांसारखे असतात. एक हात दुसऱ्याला धुतो. तुम्ही सकाळी हात धुता तेव्हा पाहा. एकट्या हाताला स्वतःला नीट धुता येत नाही. आणि दोघांपैकी धुणारा कोणता व धुतला जाणारा कोणता, हेही सांगता येत नाही.

मित्राला पैशाची अडचण असेल तर काय करावे? गझाली येथे तीन पायऱ्या सांगतात. आपल्या गरजेपेक्षा अधिक जे असेल ते मित्राने न मागता त्याला द्यावे, ही सर्वांत खालची पायरी. त्याला तोंड उघडून मागावे लागले, तर ती मैत्रीतली मोठीच उणीव झाली. आपले जे आहे त्यात त्याचा बरोबरीचा वाटा मानावा, ही मधली पायरी. आपल्या गरजेआधी त्याची गरज पाहावी, ही सर्वांत वरची. मला स्वतःला असे वाटते, की यांतली खालची पायरी चढणेही वाटते तितके सोपे नाही. मित्राने न मागताच त्याची अडचण ओळखायची, तर त्याच्याकडे रोज लक्षपूर्वक पाहिले पाहिजे.

असे पाहणारे दोन मित्र इराकातील कूफा शहरात होऊन गेले. एकाचे नाव मस्रूक, दुसऱ्याचे खैसमा. मस्रूकच्या डोक्यावर कर्जाचा मोठा बोजा होता आणि खैसमाही कर्जातच बुडालेला होता. मस्रूकने गुपचूप जाऊन खैसमाचे कर्ज फेडले. खैसमानेही तसेच गुपचूप जाऊन मस्रूकचे कर्ज फेडले. दोघांनाही एकमेकांच्या कृतीची वार्ता नव्हती. व्यवहारी माणूस म्हणेल, की प्रत्येकाने आपापले फेडले असते तर खेटे तरी वाचले असते! हिशेबाच्या वहीत ते अगदी बरोबर आहे.

मोसल शहरात फतह नावाचे एक साधू होते. ते एकदा मित्राच्या घरी गेले, तो मित्र बाहेर गेलेला. फतह यांनी घरातल्या दासीला पेटी आणायला सांगितले, ती उघडून आपल्याला हवे होते तेवढेच घेतले आणि ते निघून गेले. मालक परतल्यावर दासीने घाबरत घाबरत घडलेले सांगितले. त्याला इतका आनंद झाला, की ही बातमी खरी असेल तर तू आजपासून मुक्त आहेस, असे तो तिला म्हणाला. पेटीत हात घालण्याइतका आपल्यावर मित्राचा विश्वास आहे, याचेच त्याला अपार सुख वाटले. मुलांनो, शेजाऱ्याच्या दप्तरात न विचारता हात घालण्यासाठी ही गोष्ट पुरावा म्हणून कोणी पुढे करू नये! दोघांच्या मनांत तेवढा एकजीवपणा आधी यावा लागतो.

पैशाची गोष्ट एवढी पुरे. त्याहून नाजूक गोष्ट जिभेची आहे, आणि गझालींनीही तिच्यावर अधिक शब्द खर्च केले आहेत. मित्राचे दोष त्याच्या पाठीमागे बोलू नयेत, हे तर झालेच; पण त्याच्या झाकल्या गोष्टी उकरून काढू नयेत, त्याच्या प्रत्येक बोलण्याला छेद देत वाद घालू नये, असेही ते सांगतात. वाटेत मित्र भेटला, तर कोठून आलास, कोठे चाललास, कशासाठी चाललास, अशी सरबत्ती करू नये. कारण एखादे वेळी ते सांगणे त्याला अवघड वाटेल, किंवा संकोचाने तो खोटे बोलेल आणि त्या खोटेपणाचे कारण तुम्ही व्हाल. आपल्याकडेही घराबाहेर पडणाऱ्या माणसाला 'कोठे?' असे विचारलेले वडीलधाऱ्यांना खपत नाही. ते अपशकुन म्हणून रागावतात. गझालींचे कारण मात्र निराळे आहे, आणि माझ्या मते ते अधिक चांगले आहे.

ख्रिस्ती लोक ज्यांना येशू म्हणतात, त्यांना मुसलमान इसा पैगंबर म्हणून पूज्य मानतात. त्यांच्याविषयीची एक कथा गझालींनी दिली आहे. इसांनी एकदा शिष्यांना विचारले, की तुमचा एखादा भाऊ झोपला असताना वाऱ्याने त्याचे पांघरूण उडाले, तर तुम्ही काय कराल? आम्ही ते पुन्हा नीट घालू, असे शिष्य म्हणाले. नाही, तुम्ही उरलेलेही ओढून काढाल, असे इसा म्हणाले. शिष्य चकित झाले. असे दुष्ट कृत्य कोण करील? तेव्हा इसांनी उलगडा केला: भावाविषयी एखादी उणी गोष्ट कानी येते, तेव्हा माणूस तीत आपल्या पदरची भर घालून ती पुढे सांगतो, ते पांघरूण ओढणेच नव्हे काय?

तथापि नुसते गप्प राहणे म्हणजे मैत्री नव्हे. थडग्यातले लोकही गप्पच असतात! आपले ज्याच्यावर प्रेम आहे, त्याला ते सांगावे, अशी पैगंबरांची शिकवण आहे. दुसरे खलिफा उमर यांच्या नावावर या संबंधात तीन साध्या गोष्टी सांगितल्या जातात. भेट झाली की आपण आधी अभिवादन करावे. बैठकीत मित्र आला की सरकून त्याला जागा करून द्यावी. आणि त्याला जे नाव सर्वांत अधिक आवडते त्याच नावाने त्याला हाक मारावी. शाळेत एखाद्याला त्याच्या बुटकेपणावरून, चालण्यावरून किंवा तोतरेपणावरून नाव पडते. सारा वर्ग त्या नावाने हाक मारतो. तोही बिचारा हसून ओ देतो. त्याला कोणते नाव आवडते, असे त्या वर्गात कोणी त्याला विचारले असेल काय?

मित्र चुकला तर त्याला सांगावे, पण एकान्तात. चारचौघांत केलेला उपदेश हा उपदेश राहत नाही, ती फजिती होते. आणि चूक पाहिल्याबरोबर मित्राला टाकून देणे तर गझालींना मुळीच मान्य नाही. दोन मित्रांपैकी एक वाईट मार्गाला लागला, तेव्हा लोक दुसऱ्याला म्हणाले, की आता त्याचा संबंध सोड. दुसऱ्याने उत्तर दिले, की त्याला माझी सर्वांत अधिक गरज आता आहे, आणि आताच सोडू म्हणता! पैगंबरांचे एक सहकारी अबू दर्दा यांचेही मत असेच होते. माणूस कधी वाकडा चालतो, कधी सरळ; वाकडा चालला म्हणून त्याला सोडले, तर तो सरळ होईल तेव्हा आपण जवळ नसू.

या अबू दर्दांची आणखी एक आठवण आहे. ती वाचताना मला आपल्याच गावाकडचे शेत डोळ्यांपुढे दिसते. एकदा त्यांनी नांगराला जुंपलेली बैलांची जोडी पाहिली. चालता चालता एक बैल अंग खाजविण्यासाठी थांबला. त्याबरोबर दुसराही थांबला. त्याने ओढाताण केली नाही, जोडीदाराला पुढे खेचले नाही. ते पाहून अबू दर्दांच्या डोळ्यांत पाणी आले. ईश्वराच्या कामात जोडलेले दोन बंधू असेच असतात, असे ते म्हणाले. ज्याने नांगर धरला आहे, त्याला यातले मर्म पुस्तकावाचून कळेल.

मित्रांप्रमाणे शेजाऱ्यांचेही हक्क असतात. इब्नुल् मुकफ्फा या आठव्या शतकातील लेखकाचे नाव आपण भारतीयांनी विशेष लक्षात ठेवावे. कारण आपल्या पंचतंत्रातील कथा 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबी भाषेत आणणारा तोच. त्याच्या शेजाऱ्याने कर्जापायी घर विकायला काढले. हे कळताच इब्नुल् मुकफ्फा म्हणाला, की मी याच्या भिंतीच्या सावलीत बसत आलो. तो निर्धन होऊन घर विकीत असताना मी स्वस्थ राहिलो, तर त्या सावलीचे उपकार मी फेडले नाहीत असे होईल. त्याने घराची किंमत शेजाऱ्याच्या हाती ठेवली आणि घर विकू नको, असे त्याला सांगितले.

दुसऱ्या एका गृहस्थाच्या घरी उंदरांचा फार सुळसुळाट झाला होता. कोणी तरी त्याला मांजर पाळण्याचा सल्ला दिला. तो म्हणाला, की तशी मला भीती वाटते. मांजराची? नव्हे! मांजराचा आवाज ऐकून उंदीर पळतील आणि शेजाऱ्यांच्या घरांत शिरतील. जे मला स्वतःला नको आहे, ते मी त्यांच्यासाठी पसंत केले, असे होईल. हे वाचून तुम्हांला हसू येईल. खुशाल हसा. फक्त घरातला केर झाडताना तो कोणाच्या अंगणाकडे लोटला जातो, एवढे उद्या पाहा.

आदर दाखवावा तो मोठ्यांना आणि प्रेम करावे ते लहानांवर, अशी आपली समजूत असते. आणि कित्येक मोठी माणसे प्रेम असूनही ते लपविण्यातच मोठेपणा मानतात. अक्रा नावाचा अरबांचा एक सरदार पैगंबरांना भेटायला आला होता. पैगंबर आपला लहानगा नातू हसन याचा मुका घेत होते. सरदाराला त्याचे नवल वाटले. मला दहा मुलगे आहेत, पण मी एकाचाही कधी मुका घेतला नाही, असे तो म्हणाला. त्याला ती अभिमानाची गोष्ट वाटत असावी. पैगंबरांनी त्याच्याकडे पाहिले आणि उत्तर दिले, की जो दया करीत नाही, त्याच्यावरही दया केली जात नाही.

आता राहिली निष्ठा. गझालींच्या मते स्नेह मित्राच्या मृत्यूने संपत नाही. मित्र गेल्यावर त्याची मुले आणि त्याचे जिवलग यांच्यावर तेच प्रेम करावे लागते. एकदा पैगंबरांकडे एक म्हातारी आली. त्यांनी तिचे मोठ्या आदराने स्वागत केले. पाहणाऱ्यांना आश्चर्य वाटले. तेव्हा पैगंबरांनी सांगितले, की खदीजा हयात असताना ही आमच्या घरी येत असे. जुना ऋणानुबंध राखणे हाही धर्माचाच भाग आहे. खदीजा ही त्यांची पहिली पत्नी. तिला जाऊन काळ लोटला होता. पण तिच्याकडे येणाऱ्या बाईसाठी त्या घराचे दार पूर्वीसारखेच उघडे होते.

निष्ठेची ही पाने लिहिताना गझालींच्या डोळ्यांपुढे कोण उभे राहिले असेल? ते त्यांनी सांगितलेले नाही. पण तूसमधला तो निर्धन साधू, संपत आलेली ती शिल्लक आणि मुलांना समोर बसवून त्याने दिलेला तो खरा हिशेब, हे सारे त्यांच्या मनात जागे झाले नसेल, असे मला तरी वाटत नाही. आयुष्याच्या अखेरीस गझाली तूसलाच परतले. घराशेजारी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक मदरसा आणि साधकांसाठी एक मठ चालविला. इ. स. ११११ मध्ये त्याच गावी त्यांचे देहावसान झाले.

त्याच पानांत त्यांनी एका अनाम गृहस्थाची हकीकत नोंदविली आहे. त्याचा मित्र मरण पावला. मागे बायको आणि लहान मुले राहिली. त्या दिवसापासून हा गृहस्थ रोज त्यांच्या दारी जाऊ लागला. घरात काय हवे, काय नको, हे विचारावे, ते स्वतःच्या पैशाने आणून द्यावे आणि परत यावे. एक वर्ष नाही, दोन वर्षे नाही, चाळीस वर्षे त्याने हा क्रम चालविला. मुले मोठी झाली. त्यांना कशाचीही वाण पडली नाही. वडिलांची केवळ मूर्ती तेवढी त्यांच्या दृष्टीस पडत नव्हती.